गावावर राहिलेली मैना : शाहिरी गीत आणि स्थलांतराचे मराठी साहित्य

प्रस्तावना :

मराठीच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शाहिरी वाङ्मय, कथा-कादंबरी, दलित आत्मकथन आणि लोकसाहित्य यांचा अभ्यास बहुधा वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांतून केला जातो. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी आवश्यकही आहे. तथापि या विभागणीमुळे एका अनुभवाचे तुकडे होतात. गाव सोडून पोटासाठी मुंबईला गेलेला माणूस शाहिरीत आपल्याला लढणारा म्हणून भेटतो, कथेत हरलेला म्हणून भेटतो आणि आत्मकथनात जातीचे ओझे वाहणारा म्हणून भेटतो. त्याच्या मागे गावात राहिलेली बाई जात्यावरच्या ओवीत, म्हणजे आणखी एका प्रश्नपत्रिकेत, असते. ही सर्व माणसे एकाच घरातली आहेत, हे मात्र आपल्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

प्रस्तुत लेखात अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड केंद्रस्थानी ठेवून स्थलांतराविषयीचे निषेधगीत आणि स्थलांतराचे साहित्य यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. गीत प्रचारकी असते आणि साहित्य कलात्मक असते, असा एक जुना समज समीक्षेत आहे. त्याची प्रतिक्रिया म्हणून गीत हेच खरे जनतेचे वाङ्मय आणि कथा-कादंबरी ही एकट्या वाचकाची करमणूक, असाही एक समज चळवळीत आहे. हे दोन्ही समज अपुरे आहेत. गीत जे बोलते ते कथेला बोलता येत नाही आणि कथा जेथे थांबते तेथे गीताला थांबता येत नाही. म्हणून ही दोन्ही शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

छक्कडीचा साचा आणि त्यातील बदल :

अण्णाभाऊ साठे (१ ऑगस्ट १९२० - १८ जुलै १९६९) यांचा जन्म वाटेगावचा. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. मातंग समाजात जन्मलेल्या अण्णाभाऊंचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांचे कुटुंब गावाहून पायी मुंबईला आले. पुढे गिरणीतील मजुरीसह मिळतील ती कामे करीत, कामगार वस्तीत राहत ते लेखक आणि शाहीर झाले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. म्हणजे स्थलांतर हा त्यांच्या लेखनाचा केवळ विषय नव्हता. ज्या वाटेने त्यांचा श्रोता मुंबईत आला होता, त्याच वाटेने तेही आले होते.

तमाशाचा साचा त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. गणामध्ये गणपतीऐवजी मायभूमी, शिवराय आणि हुतात्मे यांना वंदन आले. छक्कडीच्या बाबतीत त्यांनी केलेला बदल याहून सूक्ष्म आहे. छक्कड ही लावणीच्या कुळातील ठसकेबाज रचना होय. पेशवाईतील लावणीत विरहाचा एक ठरलेला साचा आढळतो. पती मोहिमेवर गेलेला असतो आणि मागे राहिलेली स्त्री तळमळत असते. म्हणजे विरह बोलायचा तो स्त्रीने आणि तोही बहुधा पुरुष शाहिराच्या लेखणीतून. अण्णाभाऊंच्या छक्कडीत मोहिमेवर गेलेला पुरुषच तळमळतो. त्याची मोहीम लढाईची नसून पोटाची आहे आणि तीत लूट मिळण्याची आशा नाही. शृंगाराचा साचा तोच राहिला, पण बोलणारा बदलला. या एका बदलामुळे दारिद्र्य हे विरहाचे कारण म्हणून गाण्यात प्रवेश करते.

गीताचा आरंभ मैनेच्या रूपगुणांच्या वर्णनाने होतो. मग भल्या पहाटेचा निरोप येतो. ती त्याला गावाच्या शिवेपर्यंत घालवायला येते. तिला हसवावे म्हणून तो पत्रांची आणि दागिन्यांची वचने देतो, पण तिचा चेहरा खुलत नाही. येथे मराठी श्रोत्याला एक ओळखीचे दृश्य आठवते. शिवेपर्यंत जाऊन निरोप देणे ही सासरी निघालेल्या लेकीची बोळवण आहे. लोकगीतांनी हे दृश्य पिढ्यान्पिढ्या गायिले आहे. छक्कडीत मात्र लेकीच्या जागी पुरुष आहे. लेकीला परक्या घरी जावे लागते तसे त्याला परक्या शहरात जावे लागत आहे. 'कर्ता पुरुष कमाईला निघाला' या अभिमानाच्या प्रतिमेला या दृश्याने छेद दिला आहे.

त्यानंतर मुंबईचे वर्णन येते. या भागाची भाषिक रचना लक्षात घेण्यासारखी आहे. एकामागून एक येणारी पदे षष्ठी विभक्तीच्या एकाच प्रत्ययावर संपतात आणि यमकाची साखळी तयार होते. षष्ठी ही संबंधाची, मालकीची विभक्ती आहे. या शहरात काय काय आहे आणि ते कोणाकोणाचे आहे याची ही यादी आहे. ती म्हणणाऱ्याच्या मालकीचे मात्र तीत काहीच नाही. मैनेच्या वर्णनातही हीच साखळी होती, तेव्हा ती कौतुकाची वाटत होती. तीच साखळी मुंबईच्या वर्णनात हिशेबाची होते. ज्याच्याजवळ काही नाही तो दुसऱ्यांच्या मालमत्तेची मोजदाद करीत आहे. निषेध येथे घोषणेतून येत नाही, व्याकरणातून येतो. पठ्ठे बापूराव यांच्या मुंबईवरील लावणीत शहराच्या वैभवाचे कौतुक आहे. अण्णाभाऊंनी 'मुंबईची लावणी'मध्ये तिला उत्तर देताना मलबार हिल आणि परळ यांना समोरासमोर उभे केले. छक्कडीतील यादी त्याच दृष्टीची आहे, फरक इतकाच की येथे पाहणाऱ्याच्या पाठीमागे एक घर आहे.

गाण्याचे उत्तर आणि गाण्याचा प्रश्न :

या छक्कडीचा उत्तरार्ध संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आहे. कामगार, शेतकरी आणि मध्यमवर्ग यांची फौज उठते. आपली जशी मैनेपासून ताटातूट झाली तशी मराठी मुलखाचीही झाली आहे, असे गायकाला जाणवते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात. शेवटी लढाई अर्धवट टाकून कोणी मागे फिरू नये असे आवाहन शाहीर करतो.

हा उत्तरार्ध मूळ गीताला जोडलेले ठिगळ आहे, असा आक्षेप घेता येईल. हा आक्षेप पूर्णपणे मान्य होण्यासारखा नाही. एकवचनी 'मी'पासून समूहाकडे आणि समूहाकडून श्रोत्यांना केलेल्या आवाहनाकडे जाणे हा निषेधगीताचा मूळ धर्म आहे. गिरणीच्या दारातील सभेत किंवा परळच्या कामगार मैदानावर हे गीत ऐकणाऱ्या प्रत्येकाची मैना गावावरच होती. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून आलेले हजारो कामगार गाळ्यात दाटीवाटीने राहत होते, खाणावळीत जेवत होते आणि शिमग्या-गणपतीला गावी जात होते. प्रत्येकाने आपापल्या उशीशी ठेवलेले दुःख इतरांचेही आहे, हे कळणे हीच या गीताची पहिली कमाई होती. त्या क्षणी 'मी'चा 'आम्ही' होणे कृत्रिम नव्हते.

मात्र आक्षेपातील एक अंश उरतोच. गीताच्या पूर्वार्धात प्रश्न आहे तो दारिद्र्याचा. ताटातूट गरिबीने केली आहे. उत्तरार्धात उत्तर मिळते ते नकाशाचे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, मुंबई महाराष्ट्राला मिळाली. बेळगाव-कारवार बाहेर राहिले ही गोष्ट वेगळी. पण जे मिळाले त्यानेही गाळ्यातील माणसाची मैना त्याच्याजवळ आली नाही. मैनेचे रूपक झाले आणि रूपकाची मागणी बरीचशी पूर्ण झाली, परंतु प्रत्यक्ष मैना गावावरच राहिली. गीताचे शीर्षक आजही खरे वाटते ते या कारणाने. 'गावावर' की 'गावाकडं' असा पाठभेद तोंडातोंडी चालत आला आहे, 'राहिली' या क्रियापदाविषयी मात्र कोणाचेच दुमत नाही.

कथेतील एकटा माणूस :

गीताला जेथून झेप घ्यावी लागली तेथे कथा थांबून राहते. याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याच लेखकाचे आहे. अण्णाभाऊंच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड माणूस. कामाच्या शोधात तो मुंबईला येतो आणि उपनगरातील खाणीत त्याला काम मिळते. डोंगर फोडणारे त्याचे हात त्याचा अभिमान आहेत. एके दिवशी खाण बंद पडते. मग स्मशानाजवळच्या राखेत त्याला सोने सापडते आणि मुडद्यांच्या राखेतून सोने वेचणे हा त्याचा धंदा होतो. अखेर एका रात्री ताजे प्रेत उकरताना कोल्ह्यांशी त्याची झुंज होते, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती पुढे कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. तो लहान मुलासारखा रडतो.

छक्कड आणि ही कथा शेजारी ठेवली की एक धागा स्पष्ट दिसतो. छक्कडीतील पुरुष निघताना दागिन्यांचे वचन देतो. ते सोने शहरात कोठे मिळणार हे गीत सांगत नाही. भीमाला ते मिळते, परंतु मेलेल्या माणसांच्या अंगावरचे. स्थलांतरिताला शहराने दाखविलेल्या आमिषाचे हे दुसरे टोक आहे. गीतात सोने न मिळाल्याची हुरहूर आहे, कथेत सोने मिळाल्याची भयानकता आहे.

दुसरा फरक समूहाचा आहे. भीमाच्या कथेत सभा नाही, बावटा नाही, संघटना नाही. खाण कोणी बंद केली, का केली, याविरुद्ध कोणाकडे दाद मागावी, हे प्रश्नही तेथे उभे राहत नाहीत. ज्या लेखकाने कलापथकातून हजारोंच्या जमावाला साद घातली त्यानेच हा अत्यंत एकटा माणूस लिहावा, यात विसंगती नाही. गिरणीतील कायम कामगाराला संघटना होती. खाणीवरच्या रोजंदारी माणसाला ती नव्हती. गीत जेथे पोहोचू शकत होते तेथे अण्णाभाऊंनी गीत लिहिले, आणि जेथे पोहोचत नव्हते तेथे कथा लिहिली. लज्जा, लोभ, कुटुंबापासून लपविलेली गोष्ट, स्वतःच्या हातांविषयीचा अभिमान गमावणे हे अनुभव समूहाने ताल धरून म्हणता येत नाहीत. ते एकट्यानेच वाचावे लागतात.

या दोन टोकांच्या मध्ये नारायण सुर्वे यांची कविता उभी आहे. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील 'मी' एकाच वेळी एकटा आणि कामगारवर्गाचा प्रतिनिधी आहे. सभेतील बोलण्याची लय त्यांनी छापील कवितेत आणली. तथापि सुर्वे यांचा नायक मुंबईचाच झालेला आहे. त्याला परतण्यासाठी गाव नाही. त्यामुळे ताटातुटीची वेदना तेथे वेगळ्या जातीची आहे.

'आम्ही'मधील भेग :

शाहिरी गीतातील 'आम्ही' हा वर्गाचा आहे. कामगार आणि शेतकरी ही त्याची नावे. या 'आम्ही'त एक भेग होती आणि ती गीतात सहसा दिसत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना दीर्घकाळ प्रवेश नव्हता. तुटलेला धागा सांधताना तो तोंडाने ओढावा लागत असे आणि त्यामुळे विटाळाची सबब पुढे केली जाई. विणकामाला मजुरी अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे विटाळाचा आर्थिक अर्थ उघड होतो. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. गाव सोडल्याने जात सुटत नाही, ती मुंबईच्या यंत्राजवळही उभी असते, हा या प्रश्नाचा आशय होता.

ही भेग साहित्याने दाखविली. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो. तेथे राहायला जागा मिळावी म्हणून त्याला जात लपवावी लागते आणि ती उघड होताच मार खावा लागतो. छक्कडीतील माणसाला शहरात काम मिळण्याची चिंता आहे. बागुलांच्या नायकाला काम मिळाले आहे, पण निवाऱ्याच्या बदल्यात स्वतःची ओळख गहाण टाकावी लागली आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये तर मुंबईचा कावाखाना आणि नगर जिल्ह्यातील गाव यांच्यात सतत ये-जा आहे. तेथे गाव हे हुरहूर लावणारे ठिकाण म्हणून फारसे येत नाही. ज्या गावात वाट्याला आले ते बलुत्याचे तुकडे, त्या गावाची आठवण काढताना मन एकसंध राहू शकत नाही.

याचा अर्थ छक्कड खोटी ठरते असा नाही. अण्णाभाऊंना जातीचे वास्तव ठाऊक नव्हते असे म्हणणे हास्यास्पद होईल. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. प्रश्न गीत या प्रकाराच्या मर्यादेचा आहे. जमावाला एका आवाजात आणण्यासाठी गीताला काही भेदांवरून पुढे जावे लागते. हे भेद लक्षात ठेवण्याचे काम कथेकडे आणि आत्मकथनाकडे येते.

मैनेचा स्वतःचा आवाज :

छक्कडीत मैना एकदाही बोलत नाही. तिचे रूप आहे, चाल आहे, कोमेजणे आहे, शब्द नाहीत. दागिन्यांच्या वचनाने ती का हसली नाही याचे कारण तिच्या तोंडून आपल्याला कळत नाही. कदाचित अशी वचने तिने शेजारपाजारी पुष्कळ ऐकली असतील. गाण्याने मात्र तिचे मौन पुरुषाच्या दुःखाचा भाग म्हणून वापरले आहे.

तिचा आवाज ऐकण्यासाठी आपल्याला जात्याकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर त्या ध्वनिमुद्रणांसह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आल्या आहेत. ओवी म्हणजे सोशिक स्त्रीचे हळवे गाणे, हा समज या संग्रहाने मोडून काढला. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दळणाच्या लयीत निषेधही बसतो.

स्थलांतराच्या दृष्टीने ओवीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. खेड्यातील पहिली स्थलांतरित ही स्त्रीच असते. लग्न होताच तिला गाव बदलावे लागते. सासर आणि माहेर यांच्यातील अंतर, भावाची वाट पाहणे, आईला न सांगता येणारे दुःख यांची भाषा ओवीने गिरण्या उभ्या राहण्यापूर्वीच तयार करून ठेवली होती. पुरुष जेव्हा मुंबईला गेला तेव्हा त्याच्या ताटातुटीसाठी शाहिराला जे शब्द आणि जी दृश्ये सापडली ती या भाषेतली होती. छक्कडीतील बोळवणीचे दृश्य आपण वर पाहिले. या अर्थाने मैना गप्प असली तरी गीताच्या भाषेत तिच्या बायकी वारशाचा मोठा वाटा आहे. शाहिराने हे ऋण घेतले. समीक्षेने ते नोंदवायला हवे.

नारायण सुर्वे यांच्या 'डोंगरी शेत माझं गं' या गीतात कष्टकरी स्त्री स्वतः बोलते. शेतातील राबणे आणि संसाराचा भार यांचा जाब ती विचारते. कवी पुरुष असला तरी स्त्रियांच्या चळवळीने हे गीत आपलेसे केले. छक्कडीत न उघडलेले तोंड येथे उघडले आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

तुलनेसाठी एक उदाहरण :

गीत आणि साहित्य यांची ही कामाची वाटणी केवळ मराठीतच आढळते असे नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उद्ध्वस्त झालेली ओक्लाहोमाकडील शेतकरी कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ही कादंबरी १९३९ मध्ये आली, जॉन फोर्ड यांचा चित्रपट १९४० मध्ये आला आणि त्याच वर्षी ओक्लाहोमातच जन्मलेल्या वुडी गथ्री या गायकाने कादंबरीचे कथानक 'टॉम जोड' या दीर्घ गीतात आणले. ज्यांच्याकडे पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती त्यांच्यापर्यंत ते गीताने पोहोचले.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही गथ्री यांचेच आहे. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस खोऱ्यात विमान कोसळून ३२ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी २८ जण मेक्सिकोला परत पाठविले जाणारे शेतमजूर होते. बातम्यांत त्यांची नावे न येता केवळ हद्दपार केलेले लोक असा उल्लेख आला, याविरुद्ध गथ्री यांनी गीत लिहिले. त्या मजुरांची नावे त्यांच्या कबरीवर २०१३ मध्ये कोरली गेली आणि टिम हर्नांडेझ यांनी त्यांच्या घरांचा शोध घेऊन लिहिलेले पुस्तक २०१७ मध्ये आले. नावे कोठे आहेत हा प्रश्न गीताने विचारला. एकेका नावामागचे घर शोधायला गद्याला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. गीत नसते तर शोध घ्यावा हे सुचले नसते. गद्य नसते तर गीतातील माणसे निनावीच राहिली असती.

रस्ता उलटा झाल्यावर :

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला तसे असंख्य कामगार तग धरण्यासाठी कोकणात आणि घाटावर आपल्या गावी परतले. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. मैना राहिली होती तेथे पुरुष परत आला, पण वचने पुरी करून नव्हे. या पराभवाची मोठी नोंद शाहिरीपेक्षा नाटकाने घेतली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) मध्ये संपानंतरच्या कामगार कुटुंबाची पडझड आहे. तेथे 'आम्ही' उरलेला नाही. एका खोलीत राहणारी पण एकमेकांपासून तुटलेली माणसे आहेत. गीताचा आधार असलेला समूहच विखुरला तेव्हा गीताचा आवाजही क्षीण झाला, हे साहित्याच्या इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

आज महाराष्ट्रातील स्थलांतराचे एक मोठे रूप ऊसतोडीचे आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. येथे मजुराचे माप 'कोयता' हे आहे, आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. म्हणजे आता मैना गावावर राहत नाही. तीही फडात असते, कोपीत असते, पहाटे मोळ्या वाहत असते. तिच्या शरीराने या व्यवस्थेची काय किंमत मोजली, याची चर्चा ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या निमित्ताने २०१९ मध्ये झाली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गावावर राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. छक्कडीतील विरहाचा साचा या वास्तवाला लागू पडत नाही. येथे पतीपत्नीची ताटातूट नाही, मायलेकरांची आहे. 'फड' हा शब्द तमाशाचाही आहे आणि उसाचाही. परंतु उसाच्या फडातील ताटातूट तमाशाच्या फडावर अजून पुरेशी आलेली नाही.

आणि २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात रस्ता पुन्हा उलटा झाला. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ, जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघालेले १६ मजूर रुळांवर झोपी गेले असता मालगाडीखाली सापडून ठार झाले. हे अण्णाभाऊंचे जन्मशताब्दी वर्ष होते. त्यांच्या साहित्यावर ठिकठिकाणी परिसंवाद झाले. लहानपणी जो मुलगा पायी मुंबईला आला त्याच्या शताब्दीला माणसे पायी गावाकडे निघाली होती. हा योगायोग भावुक होण्यासाठी नाही. ते साहित्य वाचण्याची आपली पद्धत तपासण्यासाठी आहे.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. अण्णाभाऊंच्या छक्कडीने लावणीतील विरहाचा साचा उलटा करून दारिद्र्याला विरहाचे कारण ठरविले. तिचे सामर्थ्य केवळ तिच्या राजकीय आवाहनात नाही. मालकीची यादी म्हणणाऱ्या तिच्या भाषेतही ते आहे.

२. गीत विखुरलेल्या दुःखांचा 'आम्ही' घडविते. या 'आम्ही'च्या आड राहिलेली लज्जा, एकटेपण आणि जात यांची नोंद कथा, आत्मकथन व नाटक करतात. हा दर्जाचा भेद नसून कार्याचा भेद आहे.

३. स्थलांतराच्या गीताची भाषा स्त्रियांच्या ओवीपरंपरेची ऋणी आहे. मागे राहिलेल्या स्त्रीचा आवाज ऐकल्याशिवाय पुरुषाच्या गीताचे वाचन पूर्ण होत नाही.

४. स्थलांतराचे रूप बदलते तसा गीताचा साचाही अपुरा पडतो. ऊसतोडीच्या काळात विरहाचा नवा साचा शोधला जाणे ही आजच्या लोककवीपुढील आणि लेखकापुढील गरज आहे.

अध्यापक म्हणून यातून आपल्यावर एक साधी जबाबदारी येते. छक्कड, 'स्मशानातील सोनं', 'बलुतं'मधील एखादे प्रकरण आणि चार ओव्या यांचे एकत्र वाचन कोणत्याही अभ्यासक्रमाच्या चौकटीत दोन-तीन तासिकांत करता येते. त्यासाठी अभ्यासमंडळाच्या परवानगीची आवश्यकता नाही. मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत दिवाळीनंतर वर्गातील काही बाके रिकामी होतात आणि हजेरीपटावर त्या नावांपुढे 'गैरहजर' एवढीच नोंद होते. आपण त्या वर्गात छक्कड शिकवीत असतो आणि ज्यांच्याविषयी ती आहे ते विद्यार्थी आईवडिलांबरोबर उसाच्या फडात असतात. हंगाम संपल्यावर ते परत येतात तेव्हा त्यांना राहिलेला पाठ समजावून सांगणे हे आपले काम आहेच. त्या पाठाविषयी आपल्यापेक्षा त्यांना काय अधिक ठाऊक आहे, हे विचारणे हेही अभ्यासाचाच भाग समजले गेले पाहिजे.